दुकानाची पाटी, कंपनीचं नाव आणि डॉट कॉम: तिन्हींचा एकमेकांशी संबंध किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या एका कापड उत्पादकाने विचारलंय: अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग आहेत, टॉवेल आणि चादरी निघतात, चाटी गल्लीत विक्रीचं दुकान आहे. बारा वर्षं 'श्री लक्ष्मी टेक्स्टाइल्स' या नावाने शॉप अ‍ॅक्टचा दाखला आहे, जीएसटीवरही तेच नाव आहे. आता प्रायव्हेट लिमिटेड करायची आणि वेबसाइट काढायची आहे. पण त्याच नावाचं डॉट कॉम दुसऱ्या राज्यातल्या एका कापड व्यापाऱ्याकडे आधीच आहे. नाव आमचं नोंदलेलं असताना ते डोमेन, म्हणजे वेबसाइटचा तो पत्ता, आम्हाला मागता येईल का? आधी कंपनी करायची की आधी डोमेन घ्यायचं? आणि नावात 'सोलापुरी चादर' घातलं तर चालेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: शॉप अ‍ॅक्ट किंवा जीएसटीच्या दाखल्यावर ते डोमेन मिळणार नाही. उद्या त्याच नावाची कंपनी नोंदली तरी तेवढ्यावर मिळणार नाही. कारण समजलं की पुढची सगळी पावलं आपोआप नीट पडतात, म्हणून तिथे थोडं थांबतो.

शॉप अ‍ॅक्ट, ज्याला आपण अजूनही गुमास्ता म्हणतो, हा कामगारांविषयीचा कायदा आहे. सध्याचा कायदा २०१७ चा. दुकान कुठे, मालक कोण, कामगार किती, एवढंच तिथे पाहिलं जातं. हे नाव आणखी कुणी लावलंय का, हे कुणीही तपासत नाही. म्हणून एकाच पेठेत एकाच नावाची चार दुकानं दिसतात आणि चौघांचेही दाखले खरे असतात. जीएसटीच्या दाखल्यावर दोन नावं असतात. कायदेशीर नाव पॅनवरून येतं, व्यापारी नाव तुम्ही लिहाल ते. तेही कुणी ताडून पाहत नाही. लहान उद्योगांची उद्यम नोंदणी पॅन आणि आधारवर, फुकट होते. नावाला तिथेही संरक्षण नाही. हे सगळे दाखले व्यवसाय करण्याचे आणि बँकेत चालू खातं उघडण्याचे. नावावरच्या मालकीचा यातला एकही नाही.

भागीदारी पेढीचंही फार वेगळं नाही. १९३२ च्या कायद्याखाली पेढी नोंदवली की कलम ६९ ची आडकाठी जाते, म्हणजे पेढीला करारावरून दावा लावता येतो. हा फायदा मोठा आहे. पण दुसऱ्याने तेच नाव लावलं तर ही नोंद त्याला थांबवत नाही.

कंपनीचं नाव मात्र तपासलं जातं, आणि ते कानाने तपासलं जातं. कंपनी स्थापनेच्या २०१४ च्या नियमांतला नियम ८ वाचण्यासारखा आहे. एकवचन-अनेकवचन, दोन शब्दांमधली जागा, विरामचिन्हं, स्पेलिंगची उलटापालट यांनी नाव वेगळं ठरत नाही. हिंदी नावाचं इंग्रजी भाषांतर केलं तरी ते तेच नाव. शेवटी डॉट कॉम किंवा डॉट इन जोडलं तरी तेच नाव. आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त अर्ज जिथे अडकतात तो भाग म्हणजे, आधीच्या नावाला गावाचं नाव जोडून नवं नाव होत नाही. 'श्री लक्ष्मी टेक्स्टाइल्स प्रायव्हेट लिमिटेड' कुठेतरी नोंदलेली असेल तर 'श्री लक्ष्मी टेक्स्टाइल्स सोलापूर प्रायव्हेट लिमिटेड' हा त्यातून सुटायचा मार्ग नाही.

डोमेनची यंत्रणा याच्या नेमकी उलट चालते. तिला कान नाहीत, ती फक्त अक्षरं जुळवते. एका लेबलात, म्हणजे डॉटच्या आधीच्या तुकड्यात, जास्तीत जास्त ६३ अक्षरं. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मध्ये जोडरेषा चालते. लहान-मोठ्या लिपीचा फरक धरत नाहीत. यापलीकडे जी जुळणी मोकळी असेल ती पहिल्या मागणाऱ्याला मिळते. आता तुमचंच नाव घ्या. 'श्री' लोक तीन तऱ्हांनी लिहितात: एस-एच-आर-ई-ई, एस-एच-आर-आय आणि आपल्या पूर्व भागात सर्रास दिसणारं एस-आर-आय. 'लक्ष्मी' एक्स घालून किंवा के-एस-एच घालून, म्हणजे दोन. टेक्स्टाइल एकवचनी की शेवटी एस, आणखी दोन. तीन गुणिले दोन गुणिले दोन, बारा जुळण्या झाल्या, जोडरेषेच्या वेगळ्याच. कंपन्यांची नोंद करणाऱ्या कंपनी निबंधकाच्या लेखी हे बाराही एकच नाव, डोमेनच्या लेखी बारा वेगवेगळे पत्ते आणि त्यांचे बारा वेगवेगळे मालक असू शकतात. दोन्ही नोंदवह्या एकमेकींत डोकावतही नाहीत. 'नाव मंजूर झालंय, मग डोमेन का नाही' हा प्रश्न इथूनच निघतो.

नावावर हक्क देणारी नोंद तिसरी आहे, ट्रेडमार्कची. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात नाव मालाच्या वर्गाशी बांधलेलं असतं. असे ४५ वर्ग आहेत. चादर, टॉवेल, नॅपकिन वर्ग २४ मध्ये, टेरीचा बाथरोब आणि युनिफॉर्म वर्ग २५ मध्ये, दुकान आणि ऑनलाइन विक्रीची सेवा वर्ग ३५ मध्ये. टॉवेलवाल्याने २४ आणि ३५ हे दोन वर्ग घ्यावेत. व्यक्ती, स्टार्टअप किंवा उद्यम दाखला असलेल्या लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. नोंद दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण करता येतं.

पण नोंद नसली तरी हातात काहीच नाही असं नाही. आपल्या कायद्यात आधीपासूनच्या प्रामाणिक वापराला मान आहे. दुसऱ्याने आपल्या नावाचा आभास करून माल खपवला तर 'पासिंग ऑफ'चा दावा लावता येतो. हे डोमेनलाही लागू आहे, यावर १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याहूच्या आणि मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफच्या प्रकरणात भाष्य केलं. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पक्कं केलं: डोमेन हा नुसता पत्ता नाही, व्यवसायाची ओळखही आहे, म्हणून पासिंग ऑफचे नियम त्यालाही लागतात. मात्र त्यासाठी त्या नावाला ग्राहकांमध्ये ओळख मिळाली होती हे दाखवावं लागतं. ते दाखवायला जुनी बिलं, वाहतुकीच्या पावत्या, टॉवेलवर शिवलेली लेबलं, प्रदर्शनाची पत्रकं लागतात. ती रद्दीत घालू नका, वर्षवार एका फाइलला लावा. ट्रेडमार्कच्या अर्जात 'अमुक तारखेपासून वापर' असं लिहिलं की प्रतिज्ञापत्र आणि असेच पुरावे जोडावे लागतात.

आता त्या डॉट कॉमबद्दल. डॉट कॉमचे वाद यूडीआरपी या डोमेनच्या वादांसाठीच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने, डॉट इनचे वाद निक्सी या डॉट इन सांभाळणाऱ्या संस्थेच्या आयएनडीआरपी पद्धतीने लवादापुढे जातात. सिद्ध करायच्या तीन गोष्टी: डोमेन तुमच्या चिन्हासारखं आहे, समोरच्याला त्या नावावर वैध हितसंबंध नाही, आणि त्याचा हेतू वाईट आहे. डॉट कॉमला नोंदणी आणि वापर दोन्ही वाईट हेतूने झालेले दाखवावे लागतात, डॉट इनला दोहोंपैकी एक पुरतं. तुमच्या प्रकरणात दुसरी गोष्टच टिकणार नाही. समोरचा खरोखर त्या नावाने कापड विकतोय, म्हणजे त्याचा हितसंबंध उघड आहे. वर लक्ष्मीचं नाव देशभर हजारो पेढ्यांना आहे. वकिलाची नोटीस पाठवून उपयोग नाही. उलट त्याने आधी ट्रेडमार्क घेतलेला असेल तर आपणच त्याला आपला पत्ता कळवल्यासारखं होईल. त्याने तुमच्या लेबलची नक्कल केली असती, किंवा डोमेन रिकामं ठेवून तुमच्याकडेच दोन लाख मागितले असते, तर उत्तर वेगळं असतं.

म्हणून माझा सल्ला असा: देवाचं नाव पाटीवर राहू द्या, बाजारासाठी एक वेगळा, स्वतःचा शब्द घडवा. घराण्याच्या आडनावाचा तुकडा, पेठ, मागाशी जोडलेला एखादा शब्द, किंवा मुळात अर्थ नसलेला पण म्हणायला सोपा शब्द. तो शब्द फोनवरून गुंटूरच्या किंवा नागपूरच्या व्यापाऱ्याला एकदाच सांगा आणि इंग्रजीत लिहून पाठवायला सांगा. पहिल्या फटक्यात बरोबर आला तर नाव कामाचं. दोनदा स्पेलिंग सांगावं लागलं तर पुढची वीस वर्षं सांगावं लागेल. क्ष, ज्ञ, ळ, आणि व-ब च्या घोळातले शब्द टाळलेलेच बरे.

शब्द ठरला की तपासणी एकाच बैठकीत करायची. कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नावशोध, ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात २४, २५ आणि ३५ वर्ग, आणि तिथे नुसता शब्दशोध करून थांबायचं नाही, उच्चारानुसार शोधाचा पर्याय आहे तोही चालवायचा. मग डोमेन. मग मोठ्या ऑनलाइन बाजारांवर त्या नावाचा टॉवेल विकला जातोय का ते पाहायचं. कंपनी मंत्रालयाकडचा शोध स्वच्छ आला तरी ट्रेडमार्कचा नुसता अर्ज प्रलंबित असेल तरीही कंपनीचं नाव नाकारलं जातं. त्या अर्जदाराची संमती आणावी लागते.

चारही ठिकाणी मोकळं दिसलं तर त्याच संध्याकाळी डोमेन घ्या. डॉट इन आणि डॉट कॉम दोन्ही, एकच घ्यायचं तर देशातल्या ग्राहकासाठी डॉट इन. कंपनी अजून जन्मायची असल्यामुळे ते होणाऱ्या संचालकाच्या नावावर घ्यावं लागेल, ते चालतं. आधी डोमेन का? कारण त्यात जाणारे पैसे हजार-दीड हजाराच्या आसपास आणि काम दहा मिनिटांचं. कंपनीचं नाव नंतर नाकारलं गेलं तर एवढंच नुकसान. उलट क्रमाने गेलात आणि कंपनी नोंदली गेली, तर तिचं नाव सार्वजनिक यादीत येतं आणि मोकळं डोमेन कुणालाही दिसतं. पहिल्या वर्षाच्या सवलतीला मात्र भुलू नका. खरेदीआधी नूतनीकरणाचा दर पाहा, तो सवलतीच्या दराच्या कितीतरी पट असू शकतो.

त्यानंतर स्पाइस प्लस, म्हणजे कंपनी नोंदणीच्या ऑनलाइन अर्जाचा भाग अ. दोन नावं पसंतीक्रमाने देता येतात, शुल्क १,००० रुपये, मंजूर नाव २० दिवस राखून ठेवतात. सोलापूर जिल्हा पुण्याच्या कंपनी निबंधकाकडे येत असला तरी नावाचा निर्णय हरियाणातल्या मानेसरच्या केंद्रीय नोंदणी केंद्रात होतो, म्हणून पुण्याला फेरी मारून नाव लवकर मिळत नाही. नाव मंजूर करून घेण्याआधी पत्ता, भागभांडवल, संचालकांच्या डिजिटल सह्या हे सगळं तयार ठेवा; २० दिवस पाहता पाहता जातात. ट्रेडमार्कचा अर्ज याच आठवड्यात करा. सध्या तो मालकाच्या नावावर केला तर कंपनी झाल्यावर हस्तांतरणाचा दस्त करून कंपनीच्या नावावर घ्यायचा. हे राहून गेलं की पुढे भाऊबंदकीच्या वाटण्यांत नाव एकाचं आणि कंपनी दुसऱ्याची होते.

ट्रेडमार्क न पाहता घाईने कंपनी केली तर काय होतं तेही सांगतो. ट्रेडमार्कधारक तीन वर्षांच्या आत कंपनी कायद्याच्या कलम १६ खाली अर्ज करू शकतो. आदेश आला की तीन महिन्यांत नाव बदलावं लागतं. नाही बदललं तर सरकारच नाव देतं, त्यात ओआरडीएनसी ही अक्षरं येतात. म्हणजे 'प्रादेशिक संचालकांचा आदेश पाळला नाही' हे कंपनीच्या नावातच छापलं जातं. बँक, पुरवठादार, ग्राहक, सगळ्यांना ते दिसतं.

कंपनी झाली की उलट्या दिशेचं काम सुरू होतं, आणि तेच बहुतेक वेळा राहून जातं. कंपनीचा पॅन नवा, म्हणून जीएसटीही नवा. जुन्या जीएसटी खात्यातली कराची जमा आयटीसी-०२ या फॉर्मने नव्या खात्यात वळवायची. संचालक मंडळाचा ठराव करून डोमेन कंपनीच्या नावावर करायचं, खरेदीची पावती ठरावाला जोडायची. डॉट कॉमचा नोंदणीदार बदलला की ६० दिवस ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे, नेता येत नाही असं कुलूप लागू शकतं, तेव्हा रजिस्ट्रार बदलायचा असेल तर तो आधी बदला. कंपनी नियमांतल्या नियम २६ प्रमाणे वेबसाइटच्या पहिल्या पानावर कंपनीचं पूर्ण नाव, नोंदणीकृत कार्यालय, सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), फोन, ईमेल आणि संपर्काच्या व्यक्तीचं नाव लागतं. ऑनलाइन विकणार असाल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव-पत्ता द्यायचा, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. म्हणजे ब्रँड एक आणि कंपनी दुसऱ्या नावाची असली तरी हरकत नाही, पण पानावर कंपनीचं नाव दिसलंच पाहिजे. पेमेंट गेटवेवाले अर्ज परत पाठवतात त्याचं एक नेहमीचं कारण हेच असतं: पॅनवर एक नाव, वेबसाइटवर दुसरं, आणि दोन्ही जोडणारी ओळ कुठेच नाही.

'सोलापुरी चादर'बद्दल. सोलापूर चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. हे नाव कुणा एकाचं नाही, इथल्या सगळ्या उत्पादकांचं आहे. डोमेनमध्ये ते शब्द मोकळे असतील तर यंत्रणा तुम्हाला देईल, कारण ती विचारतच नाही. पण त्या पत्त्यावर बाहेरून आणलेला माल सोलापुरी म्हणून विकला तर मानांकनाचा भंग होतो, मग डोमेन किती का जुनं असेना. आणि ट्रेडमार्क म्हणून नुसतं 'सोलापुरी चादर' मिळत नाही, कारण ते मालाचं वर्णन आणि गावाचं नाव झालं. असं डोमेन दुसरा दरवाजा म्हणून ठेवा, मुख्य पत्ता तुमच्या स्वतःच्या शब्दाचा असू द्या, आणि मानांकनाच्या नोंदवहीत अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव घाला. मानांकन लावून विकायचा हक्क त्याने येतो. हे आपल्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या कमावलेलं नाव आहे, ते जपणं आपल्याच हातात आहे.

देवनागरी डोमेनही घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. डॉट भारत २०१४ पासून मराठीत मिळतं. दुकानाची पाटी मराठीत लावणं आता बंधनकारक आहे, तेव्हा पाटीवरचंच नाव पत्ता म्हणून वापरता येतं. पण दोन अडचणी धरून चला. आतल्या यंत्रणेत हे नाव एक्स-एन आणि दोन जोडरेषांनी सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांत बदलतं, आणि काही ठिकाणी लिंक चिकटवली की ग्राहकाला तेच विचित्र रूप दिसतं. ईमेलसाठी तर अजून अनेक अर्ज हा पत्ता स्वीकारतच नाहीत. दुसरं ऱ्हस्व-दीर्घाचं. 'सोलापूर' आणि हिंदी वळणाचं 'सोलापुर' ही दोन वेगळी डोमेनं आहेत. घ्यायचं तर दोन्ही घ्या आणि मुख्य पत्त्याकडे वळवा.

एक बाजूची सूचना पतसंस्थांसाठी, कारण सोलापुरात त्या पुष्कळ आहेत. डॉट बँक डॉट इन हे फक्त बँकांसाठी आहे. पतसंस्थेने नावात किंवा डोमेनमध्ये 'बँक' शब्द घालू नये, बँकिंग नियमन कायद्यालाच तो चालत नाही.

डोमेन हातचं जाण्याची कारणं मात्र बहुतेक वेळा कायद्याची नसतात, निष्काळजीपणाची असतात. डोमेन विकत मिळत नाही, एक ते दहा वर्षांच्या भाड्याने मिळतं. डॉट कॉमची मुदत संपली की साधारण महिना-दीड महिना नेहमीच्या दराने परत घेता येतं, हा काळ रजिस्ट्रारनुसार कमीही असू शकतो. मग ३० दिवस मोठा दंड भरून, मग ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि मग ते सगळ्यांसाठी खुलं. वेबसाइट आणि ईमेल पहिल्या टप्प्यातच बंद पडतात, त्यामुळे ऑर्डरी परत जातात आणि कारण कळायला आठवडा लागतो. नोंदणीनंतर येणाऱ्या ईमेल पडताळणीच्या लिंकवर १५ दिवसांत क्लिक केलं नाही तरी डॉट कॉम थांबवलं जातं. दोनच आठवड्यांत साइट गायब झाली तर आधी हेच तपासा. 'परदेशात कुणीतरी तुमचं नाव नोंदवतोय, ताबडतोब पैसे भरा' अशा ईमेलांना उत्तर देऊ नका, आणि उद्यम नोंदणीचे पैसे मागणाऱ्या संकेतस्थळावरून उठा.

शेवटची तपासणी आजच करता येईल. आधीच एखादं डोमेन घेतलेलं असेल तर रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन नोंदणीदाराचा रकाना पाहा. सार्वजनिक शोधात नावं बहुधा झाकलेली असतात, म्हणून खात्यातच पाहायचं. तिथे तुमचं किंवा कंपनीचं नाव, तुमचा चालू ईमेल आणि तुमचा मोबाइल हवा. वेबसाइट करून देणाऱ्याचं किंवा नोकरी सोडून गेलेल्या मुलाचं नाव असेल, तर कायद्याच्या दृष्टीने पहिला दावा त्याचा उभा राहतो, पैसे कुणीही भरलेले असोत. वेबसाइटवाल्याचं शेवटचं बिल चुकतं करण्याआधी नाव, ईमेल आणि खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे करून घ्या.